आरोग्य-कार्यक्रमात कामगारांचा सहभाग : एक अभ्यास

'अभिप्रेरण' हे प्रकरण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. मॅस्लोने रचलेली गरजांची उतरंड, हर्झबर्गचे दोन घटक, हे सारे उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होता येते. पण कारखान्यात फुकट रक्तदाब-तपासणी ठेवली आणि कामगार तिकडे फिरकलाच नाही, तर या प्रकरणातील कोणते पान उघडावयाचे?

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत असे शिबिर भरले होते. ऑफिसातील मंडळी, तरुण सुपरवायझर, रोज पहाटे फिरायला जाणारे हिशेबनीस, झाडून सारे आले. भट्टीवरचे कामगार मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन सावलीला पडून राहिले. एका जुन्या मोल्डरला मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, बीपी निघालं तर मला भट्टीवरून काढून झाडलोटीला लावतील. मग ओव्हरटाइम कुणी द्यायचा?" ज्याला आपण अज्ञान म्हणून नाके मुरडतो, तो पुष्कळदा चोख हिशेब असतो.

शिबिराला येते कोण, या प्रश्नाचा काटेकोर अभ्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला आहे. 2016 साली तेथील 4,834 कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला तपासणी व आरोग्य-उपक्रम देऊ केले, दुसऱ्याला नाही. पहिल्या गटातही बक्षिसाच्या रकमा वेगवेगळ्या ठेवल्या. काहीच न देता 47 टक्के लोकांनी तपासणी पुरी केली. 100 डॉलर देऊ करताच हे प्रमाण 59 टक्के झाले. पण 200 डॉलरांना ते जेमतेम 63 पर्यंतच चढले. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकलेल्यांना याचे नवल वाटू नये. खरी मेख पुढेच आहे. जे आले, त्यांचा औषधपाण्याचा खर्च कार्यक्रमापूर्वीपासूनच कमी होता आणि सवयीही बऱ्या होत्या. म्हणजे निमंत्रण सर्वांना गेले आणि पंगतीला बसले ते पोट भरलेले! दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा पहिल्या वर्षी वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही.

मग पैशाचे प्रलोभन व्यर्थ समजावे काय? तसेही नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या 878 धूम्रपानी कर्मचाऱ्यांवरील प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. तेथे बक्षीस केवळ हजेरीला नव्हते. बराचसा पैसा सिगारेट खरोखर सुटल्याचे चाचणीत दिसल्यावरच, टप्प्याटप्प्याने मिळत होता. एकूण 750 डॉलरांपर्यंत. वर्षाच्या सुमारास बक्षीसवाल्यांपैकी 14.7 टक्के, तर नुसती माहिती मिळालेल्यांपैकी 5 टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. बक्षीस थांबल्यावर सहा महिन्यांनी हे आकडे 9.4 व 3.6 वर घसरले, हेही नमूद केले पाहिजे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याशेजारी राहणाऱ्या आपणांस हे व्यसन किती चिवट आहे ते वेगळे सांगावयास नको.

आता पुन्हा आपल्या मोल्डरकडे येऊ. शंभर रुपये हाती ठेवले असते, तरी तो आला असता असे मला वाटत नाही. त्याच्या भीतीची किंमत त्याहून मोठी होती. तपासणीचा कागद थेट त्याच्याच हातात पडेल, मालकाच्या टेबलावर जाणार नाही, आणि दोष निघाला तरी मजुरी घटणार नाही, अशी लेखी हमी असती तर गोष्ट निराळी. शिवाय तपासणी पाळीच्या भरपगारी वेळेत हवी. अर्ध्या तासाची विश्रांती मोडून आरोग्य सुधारायला बोलावणे ही थट्टाच होय. आणि बोलावणारा कोण, यालाही फार महत्त्व आहे. वेल्फेअर ऑफिसरच्या सूचनाफलकापेक्षा शेजारच्या साच्यावरील सोबत्याचा शब्द अधिक चालतो.

त्या शिबिरात व्याख्यान झाले ते तेलकट-तुपकट वर्ज्य करण्यावर. फाउंड्रीतील वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. विषय ठरविण्यापूर्वी कोणी भट्टीवाल्यांना विचारले असते, तर त्यांनी तुपाच्या आधी धुळीचे नाव घेतले असते. मोल्डर मला शेवटी एवढेच म्हणाला होता, "धूळ ओढायचा पंखा दोन महिने बंद आहे, त्याचं कुणाला सांगता येईल काय बघा."