बिनतारी कार्ड आणि गोठलेला संगणक

संगणक बिघडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एक प्रकार असा आहे की, त्यापुढे जाणकार माणूसही काही काळ हतबुद्ध होतो. पडद्यावरील चित्र जागच्या जागी थिजते. माउस फिरविला तरी बाण हलत नाही. कळफलकावरील एकही कळ दाद देत नाही. त्या वेळी गाणे चालू असेल तर त्याचा एखादा क्षणभराचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत राहतो. चुकीचा संदेश नाही, सूचना नाही. वीज बंद करण्याचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि तसे केले की जतन न केलेले सारे लेखन नाहीसे होते. बोलीभाषेत आपण याला ‘संगणक हँग झाला’ असे म्हणतो. चार-पाच वेळा असे घडले की, बहुतेक लोक कार्यप्रणाली पुसून नव्याने बसवितात किंवा यंत्रच निकालात काढतात. वास्तविक दोष पुष्कळदा एका लहानशा आज्ञावलीत असतो. वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर हे अशा गोठण्याचे एक नेहमीचे कारण आहे. त्याचा माग कसा काढावा, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

ड्रायव्हर या शब्दाचा ‘चालक’ असा प्रतिशब्द रूढ झाला असला, तरी तो थोडा फसवा आहे. चालक म्हटले की सुकाणू हाती घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ही आज्ञावली दुभाषाचे काम करते. कार्यप्रणाली ‘ही माहिती पाठव’ एवढेच सांगते. अमुक बनावटीच्या कार्डाला ते कोणत्या संकेतांनी कळवायचे, हे ड्रायव्हरला ठाऊक असते. कार्डाकडून येणारी उत्तरेही तोच कार्यप्रणालीला समजावून देतो. दुभाषा चुकला तर फार तर बोलणे फिसकटावे, सगळे घरच का बंद पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर हा दुभाषा कोठे बसतो, यात आहे.

इंटेल कंपनीच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रक्रियकात अधिकारांच्या चार पायऱ्या होत्या. प्रचलित कार्यप्रणालींनी त्यांपैकी मुख्यतः दोनच वापरल्या: सर्वांत आतली आणि सर्वांत बाहेरची. आपली लेखनाची, चित्रांची, हिशेबाची आज्ञावली बाहेरच्या पायरीवर चालते. तिने दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालण्याचा प्रयत्न केला की, प्रक्रियक तिला अडवितो आणि कार्यप्रणाली तिला बंद करते. बाकीचे व्यवहार चालू राहतात. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र सर्वांत आतल्या पायरीवर असतो आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींत बहुतेक ड्रायव्हर याच गाभ्यात शिरून काम करतात. वाड्यातील एखाद्या बिऱ्हाडकरूने आपल्या खोलीत काही फोडले तर नुकसान त्याच्या खोलीपुरते होते. पण पाण्याची मुख्य चावी ज्याच्या हाती आहे त्याने ती बंद केली, तर सगळ्या वाड्याचे नळ कोरडे पडतात. ड्रायव्हरच्या हाती ही मुख्य चावी असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली लिनक्सच्या गाभ्यातील दोषांची पाहणी प्रसिद्ध केली. गाभ्याच्या अन्य भागांशी तुलना करता ड्रायव्हरांमध्ये काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण तीन ते सात पट आढळले. यात नवल वाटण्याचे कारण नाही. गाभ्याचा मुख्य भाग प्रत्येक यंत्रावर रात्रंदिवस तपासला जातो. विशिष्ट कार्डाचा ड्रायव्हर ते कार्ड असणाऱ्या थोड्या यंत्रांवरच चालतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीसाठी एक सदोष माहिती-फाइल धाडली गेली. ती वाचणारा भाग विंडोजच्या गाभ्यात चालत असल्यामुळे यंत्रेच्या यंत्रे कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते प्रकरण वायफायचे नव्हते. पण आतल्या पायरीवरची एक चूक कोठवर पोहोचते, हे त्यातून लख्ख दिसले.

आता बिनतारी कार्डाकडे वळू. हवेतून माहितीचा तुकडा आला की, कार्ड तो प्रक्रियकाला न विचारता थेट स्मृतीत ठेवते आणि मग प्रक्रियकाला हाक मारते. या हाकेस इंटरप्ट असे नाव आहे. प्रक्रियक हातातले काम बाजूस ठेवून ड्रायव्हरचा ठरलेला भाग चालवितो. हे काम अत्यल्प काळात उरकावे, अशी अपेक्षा असते. येथे तीन ठिकाणी घात होऊ शकतो.

पहिला प्रकार न संपणाऱ्या प्रतीक्षेचा. ‘कार्ड मोकळे झाले’ असा संकेत मिळेपर्यंत ड्रायव्हर पुन्हा पुन्हा कार्डाला विचारीत राहतो. वीज वाचविण्यासाठी कार्ड गाढ झोपी गेले असेल आणि त्याची जोडणी तुटली असेल, तर त्याच्याकडून वाचलेल्या संख्येतील प्रत्येक अंक १ असा येतो. ड्रायव्हर ज्या अंकाचे शून्य होण्याची वाट पाहत आहे, तो कधीच शून्य होत नाही. किती वेळ थांबायचे याची मर्यादा लिहिणाऱ्याने घातली नसेल, तर प्रक्रियक तेथेच अडकतो.

दुसरा प्रकार कुलपांचा. एकाच माहितीला दोघांनी एकाच वेळी हात लावू नये म्हणून गाभ्यात कुलपे असतात. ड्रायव्हरच्या एका भागाने कुलूप घेतले, तेवढ्यात हाक आली, आणि हाकेला धावून आलेला त्याच ड्रायव्हरचा दुसरा भाग तेच कुलूप मागू लागला, तर पेच पडतो. पहिला भाग पुढे सरकेपर्यंत कुलूप सुटायचे नाही, आणि दुसरा थांबून राहिल्यामुळे पहिल्याला पुढे सरकता येत नाही. आठ प्रक्रियक असलेले यंत्रही यातून सुटत नाही. बाकीचे सात एकामागून एक त्याच कुलपाशी किंवा अडकलेल्या प्रक्रियकाच्या उत्तरासाठी येऊन थांबतात.

तिसऱ्या प्रकारात कार्डाच्या हाकेची पोच दिलीच जात नाही आणि कार्ड हाका मारीतच राहते. लिनक्सने यावर एक तोड काढली आहे. एकाच मार्गाने आलेल्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणी धनी मिळाला नाही, तर तो मार्गच बंद केला जातो आणि ‘कोणी दखल घेतली नाही’ अशा अर्थाची नोंद होते. ही नोंद सापडली तर शोधाचे अर्धे काम झाले म्हणावयास हरकत नाही.

या सर्वांत भर पडते ती गोपनीयतेची. डेल आणि एचपी यांच्या अनेक लॅपटॉपांत ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय कार्डे असत. कंपनीने त्यांचा तांत्रिक तपशील उघड केला नव्हता आणि लिनक्ससाठी खुला ड्रायव्हरही दिला नव्हता. त्यामुळे २००३ च्या सुमारास एनडीआयएसरॅपर नावाची युक्ती पुढे आली: विंडोजसाठी बनविलेला ड्रायव्हर जशाचा तसा उचलून लिनक्सच्या गाभ्यात चालवायचा. अनेकांची सोय झाली, पण गोठण्याच्या तक्रारीही आल्या. त्यामागील एक कारण फार बोलके आहे. प्रत्येक कामाला आपली तात्पुरती टिपणे ठेवण्यासाठी स्मृतीत एक छोटी जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. ताटांची चवड रचावी तशी टिपणे तिच्यात एकावर एक ठेवली जातात. विंडोजचे ड्रायव्हर किमान १२ किलोबाइट जागा गृहीत धरीत. त्या काळी ३२ बिटांच्या लिनक्समध्ये ती ८ किलोबाइट, तर फेडोरासारख्या संचात अवघी ४ किलोबाइट होती. चवड जागेपेक्षा उंच झाली की शेजारची स्मृती खराब होई आणि यंत्र गोठे. ड्रायव्हर आपल्या घरी निर्दोष होता, लिनक्सही आपल्या नियमाने बरोबर होते. दोष होता तो एका घरची रीत दुसऱ्या घरी गृहीत धरण्याचा.

काही स्वयंसेवकांनी अधिक कष्टाचा मार्ग धरला. एका गटाने ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरचे वर्तन उलगडून त्याचे वर्णन लिहून काढले, आणि मूळ आज्ञावली न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही विभागणी होती. २००६ साली तो लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. मधल्या वर्षांत ज्यांची यंत्रे गोठत राहिली, त्यांना ग्राहक म्हणून पैसे मोजूनही कार्डाची भाषा जाणण्याचा अधिकार नव्हता. ही गोष्ट केवळ तांत्रिक आहे, असे मला वाटत नाही.

निदानाला आरंभ करताना यंत्र खरोखरच गोठले आहे की केवळ पडदा थिजला आहे, हे आधी ठरवावे. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दिवा लागत असेल तर गाभा जिवंत आहे आणि संशय पडद्याच्या ड्रायव्हरकडे वळवावा. काही लिनक्स यंत्रांत तो दिवा आपोआप लुकलुकू लागतो. त्याचा अर्थ गाभ्याने स्वतःच चूक ओळखून काम थांबविले, असा असतो. लिनक्समध्ये ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट या कळा धरून आणखी एक अक्षर दाबण्याची सोय आहे. एस दाबल्यास उरलेले लेखन डिस्कवर उतरते, यू दाबल्यास डिस्कवर पुढे काही लिहिणे थांबते, बी दाबल्यास यंत्र पुन्हा सुरू होते. पुष्कळ संचांत ही सोय पूर्णपणे खुली नसते, म्हणून ती आधीच खुली करून ठेवावी लागते. प्रक्रियक हाकाच घेत नसेल, तर मात्र तिचाही उपयोग नाही.

त्यानंतर गोठण्याच्या वेळांची वही ठेवावी. यंत्र सुरू होतानाच गोठत असेल तर कार्डात भरली जाणारी फर्मवेअर नावाची आज्ञावली तपासावी. मोठी फाइल उतरविताना गोठत असेल तर हाका, कुलपे व स्मृती यांचा विचार करावा. काही काम नसताना, किंवा लॅपटॉप विजेवरून बॅटरीवर जाताच गोठत असेल, तर वीजबचतीवर संशय घ्यावा. वायफाय बंद असतानाही गोठत असेल, तर उष्णता आणि स्मृतीच्या चिपा यांची तपासणी आधी करावी. मेमटेस्टसारखी आज्ञावली रात्रभर चालवून ठेवणे त्यासाठी पुरते.

पुराव्याची अडचण मोठी असते. गाभा आपल्या नोंदी प्रथम स्मृतीत करतो आणि मग त्या डिस्कवर जातात. यंत्र गोठले की नेमक्या शेवटच्या, सर्वांत मोलाच्या ओळी हरवतात. म्हणून तजवीज आधी करावी लागते. लिनक्समधील नेटकन्सोल या सोयीने गाभ्याच्या नोंदी तारेच्या जोडणीवरून त्याच क्षणी दुसऱ्या संगणकाकडे पाठविता येतात. शिवाय गाभ्यात एक पहारेकरी असतो: एखादा प्रक्रियक सुमारे १० सेकंद हाकाच घेईनासा झाला, किंवा २० सेकंद एकाच कामात अडकून राहिला, तर तो कोठे अडकला हे पहारेकरी लिहून ठेवतो. त्या ओळींत वायफायच्या ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा दिसले, तर संशयाला आधार मिळतो.

खरी कसोटी प्रयोगाची. लिनक्समध्ये ड्रायव्हरचे नाव वर्ज्य यादीत घालून, आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड निष्क्रिय करून, काही दिवस तारेच्या जोडणीवर काम करावे. यंत्र सुरू होतानाच गोठत असेल तर विंडोजचा सेफ मोड वापरावा. त्याच्या साध्या प्रकारात वायफायचा ड्रायव्हर चालूच होत नाही. किती दिवस वाट पाहायची, हे मात्र आधीच्या वहीवरून ठरते. रोज गोठणारे यंत्र आठवडाभर चालले तर त्याला अर्थ आहे. पंधरवड्यातून एकदा गोठणारे यंत्र आठवडाभर चालले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढे ड्रायव्हर पुन्हा चालू करावा, पण वीजबचत बंद ठेवून; मग ड्रायव्हरची जुनी किंवा नवी आवृत्ती घालून; मग फर्मवेअर बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उतावळेपणाने तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुधारते, पण कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीबरोबर दुखणे परत येते.

दोष निश्चित झाला की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळविताना कार्डाचे खरे क्रमांक द्यावेत. खोक्यावरील नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या काळी वेगळ्या चिपा विकल्या गेल्या आहेत. प्रत्येक कार्डात उत्पादकाचा व नगाच्या प्रकाराचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात. इंटेलने आपल्या प्रसिद्ध प्रक्रियकाचा ८०८६ हाच आकडा उत्पादक-क्रमांक म्हणून घेतला आहे. क्रमांक, गाभ्याची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती आणि गोठण्याची वही एवढे हाती असले, म्हणजे दूरच्या माणसालाही काही करता येते. तोवर वाट पाहणे शक्य नसेल, तर कार्डच बदलावे. त्याला फारसा खर्च येत नाही. पण थिंकपॅडच्या आणि एचपीच्या काही जुन्या लॅपटॉपांत कंपनीच्या यादीबाहेरचे कार्ड बसविले तर यंत्र सुरूच होत नाही, तेव्हा खरेदीपूर्वी त्या विशिष्ट नमुन्याची माहितीपुस्तिका पाहून घ्यावी, किंवा बाहेरून यूएसबीला जोडावयाचे कार्ड घ्यावे.