गोळी आधी घेतली तर?

पंधराएक वर्षांपूर्वी बडोद्यातील माझ्या दवाखान्यात फिरतीची नोकरी करणारा एक विवाहित तरुण आला. अंगावर व्रण नव्हता, काही तक्रारही नव्हती. खालच्या आवाजात त्याने विचारले, ‘‘साहेब, नको त्या ठिकाणी जाऊन आल्यावर लगेच घ्यायची एखादी गोळी असते का?’’ मी त्याला दहा मिनिटे सदाचरणावर व्याख्यान दिले आणि वाटेला लावले. फी घेतली नाही, एवढेच काय ते पुण्य!

दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी पावसाळ्यात शेतमजुरांना डॉक्सिसायक्लिनच्या २०० मि.ग्रॅ.च्या साप्ताहिक गोळ्या दिल्या जात, हे आपणांस ठाऊक आहेच. ‘चिखलात उतरलास कशाला?’ असे त्या मजुराला कोणी विचारीत नसे. पोटासाठी तुडवलेला चिखल आणि हे प्रकरण एक नव्हे, हे मान्य. परंतु हा भेद औषधशास्त्रातला नसून आपल्या मनातला आहे.

तो जुनाही आहे. १९०६ च्या सुमारास पॅरिसमध्ये मेचनिकॉफ व रू यांनी सिफिलिस टाळण्यासाठी कॅलोमेलचे मलम सुचविले, तेव्हाही नीतीच्या नावाने आक्षेप आलेच. शास्त्रीय आक्षेपाला वजन आले ते १९७९ साली. अमेरिकन नौदलातील सुमारे हजार खलाशांवरील प्रयोगात संबंधानंतर दिलेल्या मिनोसायक्लिनने गनोरिया घटला खरा. पण ज्या जंतूंवर औषध चालत नव्हते तेच मागे उरले.

अलीकडे हा विषय पुन्हा पुढे आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात, समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मि.ग्रॅ. घेतल्यास क्लॅमिडिया व सिफिलिस सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गनोरियावर मात्र परिणाम नव्हता. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व सिएटल येथील ५०१ जणांच्या अभ्यासात तिन्ही आजार मिळून प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. त्याच वर्षी केनियातील ४४९ तरुणींच्या अभ्यासात मात्र लक्षणीय लाभ आढळला नाही. त्यांच्या केसांची तपासणी केली तेव्हा बहुतेक नमुन्यांत औषधाचा मागमूसही नव्हता. गोळी घेतल्याचे तोंडाने सांगितले जाई, प्रत्यक्षात ती डबीतच राहत असावी. आपल्या घरांतील स्त्रियांची औषधे कोणाकोणाच्या नजरेखालून जातात, हे जाणणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

२०२४ साली अमेरिकेच्या सीडीसीने ही पद्धत मान्य केली, पण मर्यादित गटासाठी: समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व तृतीयपंथी स्त्रिया, तेही मागील बारा महिन्यांत जिवाणुजन्य लैंगिक आजार झालेले असतील तर. म्हणजे माझा तो तरुण आजही त्या यादीत बसत नाही. ‘गोळी नाही’ हे माझे उत्तर बरोबर होते. चुकले ते पुढचे सारे.

सात-आठ महिन्यांनी तो परतला तेव्हा तळहातांवर, तळपायांवर पुरळ होते, व्हीडीआरएल १:६४. मधल्या काळात केमिस्टकडून ॲझिथ्रोमायसिन आणून मनाला येईल तसे घेत होता. सिफिलिसच्या बाबतीत त्या औषधावर भिस्त ठेवता येत नाही. पत्नीला पाचवा महिना होता, तिचीही चाचणी सदोष आली. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन चालत नाही. दोघांनाही बेंझाथिन पेनिसिलिन दिले, तिला आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा. सुदैवाने वेळेत दिले गेले आणि मूल निरोगी जन्मले.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी तिने मला विचारले, ‘‘हे आधी आले होते का हो तुमच्याकडे?’’ रुग्णाची गोष्ट पत्नीलाही सांगता येत नाही, या नियमाचा त्या दिवशी मला आधार वाटला, आणि लाजही.

आता असा प्रश्न घेऊन कोणी आले, की गोळीची चर्चा मी शेवटी ठेवतो. आधी सिफिलिस, एचआयव्ही व कावीळ ‘ब’ यांसाठी रक्त तपासतो, लस झाली नसेल तर सुरू करतो, निरोधाविषयी स्पष्ट बोलतो, घरी कोणी गरोदर आहे का ते विचारतो, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच्यासमोरच केसपेपरवर लिहितो. बहुतेक जण त्या तारखेला येतात.