उचल, वही आणि आपला माल



दोन वर्षांपूर्वी एका निर्यातदाराने माझ्याकडे इंग्रजीत छापलेला एक फॉर्म पाठविला. तुमच्या मालाच्या उत्पादनात कोठेही वेठबिगारी नाही, असे त्यावर लिहून द्यायचे होते. ब्रिटनमध्ये 2015 साली यासंबंधी कायदा झाला आहे. वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला, आपल्या धंद्यात व माल पुरविणाऱ्यांकडे गुलामी राहू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागते. कंपनी निर्यातदाराला विचारते, निर्यातदार मला विचारतो. मी न वाचताच सही केली. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी बेताचे, ही सबब आहेच. पण खरे सांगायचे तर मला वाटले, आपल्याकडे गुलामी कोठे आहे?

त्याच हिवाळ्यात टिटवाळ्याला गोडाऊनचे बांधकाम काढले. विटा पाहण्यासाठी काळू नदीकाठच्या एका भट्टीवर गेलो. एक कातकरी जोडपे विटा थापत होते, त्यांची मुलगी ओल्या विटा उलटत होती. हजार विटांना काय मिळते, असे मी सहज विचारले. बाई म्हणाली, "शेठच्या वहीत हाय." हिशोब कधी होतो? "पावसाच्या तोंडावर." आणि मधेच काम सोडून गावी जायचे झाले तर? यावर ती काही बोलली नाही. नवऱ्याने मुकादमाकडे पाहिले.

आमच्या भागात या उचलीला बयाणा म्हणतात. आम्ही उर्दूवाले पेशगी म्हणतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम वाडीवर येऊन पैसे देतो आणि दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. समजा, बयाणा 30,000 रुपये घेतला. आठवड्याला 1,000 रुपये खर्ची, 28 आठवड्यांचे 28,000. एकूण 58,000. हंगामाच्या शेवटी शेठने वहीत काम धरले 50,000 रुपयांचे. म्हणजे 8,000 रुपये बाकी, आणि ते फेडण्यासाठी पुढच्या दिवाळीला पुन्हा तेथेच. विटा किती झाल्या, दर काय लागला, हे जोडप्याला ठाऊक नसते, कारण वही एकच आणि ती शेठकडे. मुलांचे काम तर वहीत येतच नाही.

अनेक मालक मनापासून म्हणतात, आम्ही गरजेला पैसे दिले, ही मदत झाली. मीही असेच समजत होतो. पण 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याची व्याख्या वाचली म्हणजे डोळे उघडतात. मारहाण, कोंडून ठेवणे हे असलेच पाहिजे असे नाही. उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम धरण्याची, हिंडण्या-फिरण्याची किंवा बाजारभावाने मजुरी घेण्याची मोकळीक राहिली नाही, तर ती वेठबिगारी. असे कर्ज कायद्याने बुडीत झालेले आहे, ते वसूल करता येत नाही. वेठबिगारी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी होय.

हे सर्व जुने झाले असेही नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात वसई भागात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने 1980 च्या दशकापासून वेठबिगार सोडविले. त्या कामासाठी दोघांना 1999 साली गुलामीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी 2021 साली मोखाडा तालुक्यात गुन्हा नोंदला गेला. तक्रार अशी की, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी एका आदिवासी मजुराला राबवून घेतले. त्याने त्याआधीच आत्महत्या केली होती. कफनाचे कापड आपणच विकतो, बंधुंनो.

आता आपल्या मालाकडे येऊ. भिवंडीच्या लूमवर यूपी, बिहार, तेलंगणाचा कारागीर मीटरवर काम करतो आणि भिशीत जेवतो. तेथे भट्टीसारखी स्थिती सर्वत्र आहे असे मी म्हणणार नाही. कारागीर एक कारखाना सोडून शेजारच्या कारखान्यात जातो, हे रोज दिसते. पण ज्याच्यावर उचल चढली आहे तो जातो का, हे पाहिले पाहिजे. विचारपूस कारखान्यात करू नये, तेथे मुकादम उभा असतो. भिशीत बसावे, चहा मागवावा. उचल कोणी दिली? हिशोबाची चिठ्ठी तुझ्याजवळ आहे का? आधार कार्ड, पासबुक कोणाजवळ आहे? आज पैसे बाकी ठेवून गावी निघालास तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नावर माणूस गप्प झाला तर समजून घ्यावे. कापडावर पुढे जरीकाम होत असेल तर तेथेही स्वतः जावे. 2005 साली मुंबईत जरीच्या कारखान्यांवर छापे पडले तेव्हा बिहारची लहान मुले सापडली होती, आणि त्या मालाचे व्यापारी आपल्यासारखेच होते.

विचारपूस करण्याआधी मात्र आपली वही उघडावी. पीकमागे दर पाडून आणि पेमेंट 90 दिवस लटकावून मी लूमवाल्याला उपदेश केला, तर तो हसेल. एकदा हसलाही. लहान उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. 2024 पासून तर मुदत चुकविल्यास तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. आपले पैसे वेळेवर पोहोचले, तर लूमवाल्याला पगार रोखून उचल देण्याची पाळी येत नाही. उचल द्यावीच लागली तर ती लेखी असावी, एक प्रत कारागिराच्या हातात असावी, आणि सर्व कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये.

वेठबिगारी आढळली तर घाईने ऑर्डर तोडू नये. आपण हात झटकतो आणि माणूस कर्जासह तेथेच राहतो. तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी द्यावे. कायद्याने जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमल्या आहेत. मुक्तीचे प्रमाणपत्र हातात पडले तरच पुनर्वसनाची रक्कम मिळते. 2016 च्या योजनेत ती पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख, अतिशय गंभीर प्रकरणात 3 लाख रुपये ठरली. कातकरी माणूस एकटा कचेरीत गेला तर बाहेरच्या बाकावर बसून राहतो. सोबत आपण जावे.

त्या भट्टीबद्दल मी कल्याणला अर्ज दिला. उरलेल्या विटा दुसरीकडून घेतल्या, जेथे दर आठवड्याला हिशोब होतो व चिठ्ठी मिळते. हजारी 400 रुपये जास्त पडले. निर्यातदाराचा फॉर्म यंदा पुन्हा आला. मुलाकडून वाचून घेतला. नऊपैकी सात कारखान्यांपुढे सही केली. उरलेल्या दोन ठिकाणी मुकादम कारागिरांशी एकट्याने बोलू देत नाही, म्हणून त्या ओळी कोऱ्या ठेवून फॉर्म परत पाठविला आहे. निर्यातदाराचा फोन अजून आलेला नाही.