पहिल्याच दिवशी नको गं

काल रात्री साडेअकराला तू त्या लॅपटॉपचा फोटो पाठवलास आणि खाली एकच शब्द, ‘ताई?’ तेव्हाच ओळखलं की मनाने तू तो घेऊन मोकळी झाली आहेस, फक्त माझ्या होकाराची वाट बघतेयस. फोनच केला असता, पण बाबा शेजारी असले की तू नुसतं ‘हं, हं’ करतेस. म्हणून निवांत लिहितेय.

आधी हे ऐक. पहिल्या पगारातून गेमिंगचा लॅपटॉप घ्यावासा वाटतो यात काही म्हणजे काही चुकीचं नाही. घरात कुणी नाक मुरडलं तर त्यांना माझ्याकडे पाठव. माझं म्हणणं घाईपुरतं आहे.

तू पाठवलेल्या जाहिरातीत ग्राफिक्स चिपचं नाव ठळक आहे, पण एक आकडा कुठेच नाही. त्याच आकड्यापायी मी एकदा पस्तावलेय. बोनस हातात आला होता, आरटीएक्स ४०६० हे नाव वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. ऑफिसातल्या मैत्रिणीकडेही त्याच नावाची चिप होती. तिच्याकडे जो गेम लोण्यासारखा चालायचा, तो माझ्याकडे अडखळायचा. कितीतरी दिवस मी सेटिंग्जमध्येच चूक शोधत बसले. मग कळलं की लॅपटॉपमधली ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा बनवणाऱ्याला असते. माझा लॅपटॉप दिसायला सडपातळ, देखणा. उष्णता बाहेर टाकायला आत जागाच नाही, म्हणून चिपला वीजही बेताचीच दिलेली. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, नाव तर तेच आहे ना!’ नाव तेच होतं, त्यामुळे पुढे भांडायला जागाच उरली नाही.

तेव्हा राणी, दुकानात गेलीस की ‘टीजीपी किती वॅट आहे?’, म्हणजे चिपला वीज किती मिळते, हे आधी विचार. जाहिरातीत नसलेला आकडा तो हाच. उत्तर गोलमोल आलं तर सरळ बाहेर पड. आणि एखादा जड गेम वीस मिनिटं चालवून दाखवायला सांग. तोवर डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर ठेवून बस, कारण खेळताना तुझी बोटं तासन् तास तिथेच असणार आहेत. माझ्या त्या लॅपटॉपवर मे महिन्यात डब्ल्यूच्या वरची पट्टी इतकी तापायची की बोट चुकून लागलं तर हात मागे घ्यावा लागे.

फ्रेम्सच्या आकड्यांनाही भुलू नकोस. २०२५च्या जानेवारीत एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० कार्ड जुन्या ४०९०च्या तोडीची कामगिरी देईल. ते ४०९० निघालं तेव्हा १,५९९ डॉलरला होतं. हा हिशेब जुळतो तो कार्डाने मधल्या फ्रेम्स स्वतःच्या अंदाजाने भरल्या तरच. एका खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या. डोळ्यांना चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण तू कळ दाबलीस की खेळ प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच वेगाने. दुधात पाणी घालून पातेलं भरलं म्हणून म्हैस जास्त दूध द्यायला लागत नाही गं. तंत्र वाईट नाही, मी वापरते. मुळात खऱ्या फ्रेम्स पुरेशा असतील तेव्हाच ते कामाला येतं.

आता खेळांचं. आगाऊ नोंदणी करू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगते. सायबरपंक २०७७ आठवतोय? १० डिसेंबर २०२०ला आला, त्याआधीच ऐंशी लाख लोकांनी पैसे भरून ठेवले होते. जुन्या प्लेस्टेशन ४वर त्याची अशी दैना झाली की आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तो परत आला थेट जून २०२१मध्ये. २०२३च्या सप्टेंबरात २.० ही आवृत्ती आली, तेव्हा कुठे तो खेळ मनासारखा झाला. मी तो त्यानंतर सेलमध्ये घेतला आणि आज माझ्या सगळ्यांत आवडत्या खेळांत तो आहे. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी जास्त पैसे मोजले आणि अर्धाकच्चा खेळ खेळला, याचं मला अजून वाईट वाटतं.

अगदीच राहवलं नाही तर स्टीमवर घे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळली असशील तर पैसे परत मिळतात. पहिले दोन तास डोळे उघडे ठेवून खेळ.

महाग तेच भारी असंही नाही. २०२५मध्ये मला सगळ्यांत जास्त हलवलं ते क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३ने. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका लहानशा चमूचं काम. त्यात एक चित्रकर्ती दरवर्षी प्रचंड खांबावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जातात. सुरुवातीलाच बंदरावर गळ्यात हार घातलेली माणसं निरोप घेत उभी असतात. आकडा बदलतो आणि हातात धरलेला हात हातातच नाहीसा होतो. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. सिल्कसाँग या खेळाची लोकांनी साडेसहा वर्षं वाट पाहिली, आणि तो आला वीस डॉलरला! कठीण आहे, पण रागाने खेळ बंद करावा आणि दहा मिनिटांत पुन्हा सुरू करावा असा कठीण.

आणि आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी नक्की खेळ. २०२०चा आहे, साध्या मशीनवरही चालतो. सर्कशीत काम करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, दुर्गा तिच्या पाठीशी असते. लढाई थोडी अडखळते आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, हे मी लपवणार नाही. पण वाडे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या कथा हे सगळं आपल्या डोळ्यांना ओळखीचं वाटतं, आणि ते सुख मला दुसऱ्या कुठल्याच खेळात मिळालेलं नाही.

शनिवारी इकडे ये. राजी माझ्याकडेच खेळू आणि रविवारी दोघी मिळून दुकानात जाऊ. हप्त्याच्या कागदावर मात्र तोवर सही करू नकोस. आणि बाबांना मी आज रात्री फोन करते, ते माझ्यावर सोड.