नास्तिक म्हणावे कोणास?

आपल्या मंडळींच्या बोलण्यात ‘नास्तिक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एकादशीला कोणी भाकरी खाल्ली, तो नास्तिक. मुलाने माळ घालून घेतली नाही, तो नास्तिक. कीर्तनात कोणी उठून शंका विचारली की शेजारचा हळूच म्हणतो, “सोडा हो, नास्तिक आहे तो.” एवढे म्हटले की काम झाले. त्याच्या शंकेला उत्तर देण्याची मग कोणावर जबाबदारीच राहत नाही. तेव्हा या पाठात त्या शब्दाचाच थोडा विचार करू, आणि मग आस्तिक-नास्तिकांच्या वादात दोन्ही बाजूंनी जी अढी धरली जाते तिच्याकडे वळू.

पाणिनीने आपल्या व्याकरणात चौथ्या अध्यायात ‘आस्तिक’ व ‘नास्तिक’ हे शब्द साधून दिले आहेत. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही? टीकाकार म्हणतात, परलोक. मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात निराळेच माप लावले : वेदाची निंदा करील तो नास्तिक. या दोन्ही मापांत ईश्वर कोठे आहे? कोठेच नाही! म्हणूनच आपल्या जुन्या शास्त्रव्यवस्थेत मोठी मौज दिसते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जग घडविणारा ईश्वर येत नाही, तरी सांख्य आस्तिक. मीमांसक तर यज्ञयागाचे कट्टर अभिमानी, पण कुमारिलभट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना युक्तीने खोडून काढली, तरी तेही आस्तिक. उलट जैन मंडळी परलोक मानतात, कर्म मानतात, मुंगीसुद्धा चिरडू नये म्हणून जपतात. वेद मानत नाहीत एवढ्यावरून ते नास्तिकांच्या पंक्तीत. असो. सांगायचे इतकेच की, देव न मानणारा तो नास्तिक हा अर्थ आज रूढ आहे, पण तो शास्त्राचा म्हणून कोणाच्या माथी मारता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष. म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्या संपूर्ण बळानिशी सांगायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्यात पहिलेच प्रकरण चार्वाकाचे आहे. वेदान्त्याने लिहिलेल्या ग्रंथात नास्तिकाला पहिला पाट! चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. ते काय म्हणत हे आज आपणास कळते ते मुख्यत्वे त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून. याच वळणाचा म्हणून सांगितला जाणारा जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ पाटणच्या जैन भांडारात हाती लागला व १९४० साली बडोद्याहून छापला गेला. जपून कोणी ठेवला? जैनांनी, आत्मा आणि परलोक मानणाऱ्यांनी. आता आपल्या मनाला विचारून पाहावे : विरोधकाचे एक पान तरी आपण असे जपले असते काय?

आता सातासमुद्रापलीकडची एक हकीकत. महात्मा गांधी विद्यार्थी म्हणून लंडनला होते, तेव्हाची म्हणजे १८९१ सालची. त्यांनी ती आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा इंग्लंडातील नामांकित नास्तिक ३० जानेवारी १८९१ रोजी वारला. वोकिंगजवळ त्याचे दफन झाले. लंडनमधील झाडून सारे हिंदी लोक त्याला गेले होते, गांधीही गेले. काही पाद्रीसुद्धा मान द्यायला आले होते. परतताना स्टेशनावर गाडीची वाट पाहत मंडळी उभी होती. तेवढ्यात गर्दीतील एका नास्तिक गड्याने एका पाद्रीबुवांना धरले. तुम्ही देव मानता ना, म्हणाला. पाद्री हळू आवाजात हो म्हणाले. मग त्याने विचारले, पृथ्वीचा घेर अठ्ठावीस हजार मैल आहे हे कबूल आहे ना? तेही पाद्र्यांनी कबूल केले. मग सांगा पाहू, तुमचा देव केवढा आणि राहतो कोठे? पाद्री म्हणाले, आपल्याला ओळखता आला तर तो आपणा दोघांच्याही हृदयात आहे. त्यावर तो गडी म्हणाला, मला काय पोर समजता? आणि जिंकल्याच्या तोऱ्यात आजूबाजूला पाहू लागला. पाद्री नम्रपणे गप्प बसले. गांधी लिहितात की या बोलण्यामुळे नास्तिकपणाविषयीची त्यांची अढी आणखी वाढली.

या प्रसंगावर जरा थांबू, कारण यात सगळा वाद आहे. पहिले म्हणजे त्या गड्याचा प्रश्नच चुकीच्या मापाचा. दुधाची गोडी कोणी फूटपट्टीने मोजायला निघाला तर त्याला काय सांगणार? आणि गंमत अशी की, देवाचे माप मागणाऱ्याला पृथ्वीचेही माप धड ठाऊक नव्हते; तिचा घेर पंचवीस हजार मैलांच्या आतबाहेर आहे. (निदान आत्मचरित्रात तरी अठ्ठावीस हजार हाच आकडा आहे.) पाद्र्यांचे उत्तर मात्र आपल्या कोणा माळकऱ्याने दिले असते तसेच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वराचे ठिकाण हेच सांगितले आहे. आणि त्यांनी ‘दोघांच्याही’ म्हटले, ‘माझ्या’ नव्हे. हे फार थोड्यांच्या लक्षात येते. भूतमात्री भगवंत असे आपण रोज म्हणतो. मग नास्तिक त्या भूतमात्रातून वगळला काय? त्याच्या हृदयात जो आहे त्याला तो मानीत नाही, पण आपण तर मानतो ना? मग त्याच्याशी तुसडेपणाने बोलताना आपण कोणाशी तुसडेपणा करीत आहो?

पण गांधींच्या मनात अढी वाढली ती कशामुळे? एका उर्मट माणसामुळे. आणि ज्याच्या अंत्यविधीहून सारे परतत होते, तो नास्तिक कसा होता? ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्दॅम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आला. सभासदाने देवाच्या नावाने शपथ घ्यायची, अशी तेथली रीत. मी देव मानीत नाही, म्हणून शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापूर्वक वचन देतो, असे तो म्हणाला. ते नाकारले. बरे, मग शपथ घेतो, म्हणाला. तर सभागृहाने म्हटले, नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय? त्याला घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेतही ठेवले. जागा रिकामी ठरवावी आणि मतदारांनी पुन्हा त्यालाच निवडून द्यावे, असे कितीदा तरी झाले. अखेर १८८६ साली त्याला आत बसता आले. १८८८ साली त्याच्याच खटपटीने कायदा झाला व शपथेऐवजी वचन देण्याची मोकळीक सर्वांना मिळाली. आता पाहा, खोटेपणाने देवाचे नाव घेऊन तो पहिल्याच दिवशी जागेवर बसू शकला असता. नास्तिकाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा, असे त्याला विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या शब्दासाठी सहा वर्षे काढली असती? हिंदुस्थानची बाजू तो पार्लमेंटात इतक्या हिरिरीने मांडी की ‘हिंदुस्थानचा सभासद’ असे त्याला म्हणत. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेसला तो जातीने आला होता. हिंदी मंडळी त्याच्या दफनाला का लोटली, हे यावरून कळेल.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात पदाची शपथ दोन्ही प्रकारे दिली आहे, ईश्वराच्या नावाने किंवा गांभीर्यपूर्वक वचनाने. विधानसभेत आपला एखादा टाळकरी निवडून गेला तर तो विठ्ठलाला स्मरून ईश्वरसाक्ष शपथ घेईल. शेजारचा दुसऱ्या प्रकाराने घेईल. कोणाचे काही बिघडत नाही.

गांधी वोकिंगच्या स्टेशनावर थांबले नाहीत. १९३१ साली त्यांनी सांगितले की, ईश्वर सत्य आहे असे आपण पूर्वी म्हणत होतो, आता सत्य हाच ईश्वर असे म्हणतो. कारण नास्तिकसुद्धा सत्याला नाही म्हणत नाही. त्या वेळी त्यांनी ब्रॅडलॉचीच आठवण काढली आणि तो देवाला भिऊन वागणारा माणूस होता असे म्हटले, जरी त्याला स्वतःला ते रुचले नसते. येथे आम्हांस थोडे निराळे वाटते. कोणी आपल्याला म्हणाला, “तुमची भक्तिबिक्ती काही खरी नाही, तुम्ही भीतीपोटी वारीला जाता,” तर कसे झोंबते? मग भल्या नास्तिकाला, “अहो, तुम्ही मनातून आस्तिकच,” असे म्हणणे त्याला तसेच झोंबत असणार. गोड बोलून केलेला असला तरी तोही त्याच्या शब्दावरचा अविश्वासच झाला.

याच्या पुढची पायरी सेवाग्रामला घडली, आपल्याच वर्धा जिल्ह्यात. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सारे ‘गोरा’ म्हणत, हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जन्म ब्राह्मणाचा, मत नास्तिक. त्यापायी कॉलेजातील नोकरी गेली, तेव्हा खेड्यात जाऊन अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजने घालू लागले. १९४१ साली त्यांनी भेट मागितली. गांधींनी नास्तिकमताविषयी नापसंती कळवून नकार दिला. पुढे त्यांचे काम कानी आले, तेव्हा १९४४ च्या अखेरीस बोलावून घेतले. पुष्कळ बोलणी झाली. गांधींनी अखेर असे सांगितले की, माझे आस्तिक्य बरोबर असेही मी म्हणू शकत नाही आणि तुमचे नास्तिक्य चूक असेही म्हणू शकत नाही. दोघे सत्य शोधणारे आहोत. गोरांनी आपली मुलगी अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाला द्यायचे ठरविले. लग्न आश्रमात व्हावे, आणि विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यावे, हे रामनाम घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याने मान्य केले. मध्येच ३० जानेवारी १९४८ आली. लग्न ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये सेवाग्रामलाच झाले. गोरांनी या भेटींवर पुस्तक लिहिले. १९५१ साली ते नवजीवनने छापले आणि प्रस्तावना लिहिली किशोरलाल मश्रूवालांनी. गांधींना मारणारा मात्र नास्तिक नव्हता, हे येथे नमूद करून ठेवतो.

आता घरचे. अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षे झटत होते. तेव्हा आपल्या काही मंडळींत बोलवा उठली की, हा कायदा झाला म्हणजे वारी बंद, कीर्तन बंद, टाळकऱ्यांच्या हातात बेड्या. मसुदा वाचला किती जणांनी? २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाच्या पुलावर, दाभोलकरांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात कायदा झाला. आज तो कोणीही वाचावा : यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे त्यातच लिहिले आहे. खुनाबद्दल २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला गोळी घालणे हे कोणत्या शास्त्रातील उत्तरपक्षात बसते? भोंदूबाबाविरुद्ध, नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांविरुद्ध गाडगेमहाराज जन्मभर कीर्तनांतून बोलले. पंढरीत यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः देवळाबाहेर राहिले. त्यांची प्रश्नोत्तरे नाव न सांगता कोणाला ऐकवली तर आजही चार माणसे ‘नास्तिक’ म्हणून उठून जातील! आणि आपल्या संतांना त्यांच्या काळी पाखंडी ठरविणारे लोक देव न मानणारे नव्हते, चांगले सोवळ्यातले होते.

अढी एकाच बाजूला आहे असे मात्र नाही. शहरात शिकलेली कित्येक मंडळी वारकरी म्हटला की अडाणी, मेंढरामागे मेंढरू, असे धरूनच चालतात. पेरणी आटोपून निघालेला शेतकरी पंधरा-वीस दिवस चालतो तो कामचुकारपणा म्हणून, हे ज्याने चिखलात एक मुक्कामही काढला नाही त्याने ठरवायचे. देवावर विश्वास नसेल तर नसो. पण न पाहता मत देणे ही बुद्धीची उपासना कशी, हे आम्हांस समजत नाही. डॉ. इरावती कर्वे अभ्यासकाच्या नजरेने वारीत आल्या, चालल्या, रमल्या, आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. जातीजातींच्या दिंड्या वेगळ्या आणि पंगती वेगळ्या, हे पाहून त्यांना झालेले दुःखही त्यांनी त्यात लपविले नाही. चालून आलेल्याचा दोष दाखविण्याचा अधिकार मोठा असतो. तो लेख वाचून कोणी रागावण्याचे कारण नाही. पंगत एक करणे एवढेच उत्तर त्याला होते.

पाठमंडळांत या महिन्यात एक अभ्यास करून पाहावा. दोन जणांनी समोरासमोर बसावे. एकाने, देव मानण्याचे कारण मला दिसत नाही, ही बाजू दहा मिनिटे मांडावी. होईल तर गावातील खऱ्याच एखाद्या न मानणाऱ्या गृहस्थाला मानाने बोलावून आणावे, चहापाणी द्यावे. दुसऱ्याने मध्ये बोलू नये. मग ऐकणाऱ्याने त्याचे म्हणणे आपल्या तोंडाने परत सांगावे, आणि “हो, मला हेच म्हणायचे होते” असे समोरचा म्हणेपर्यंत उत्तराला हात घालू नये. पहिल्या बैठकीत इथपर्यंतच होईल, पुष्कळ झाले. उत्तरपक्षाला दुसरी बैठक ठेवावी, आणि त्या गृहस्थांना तिचेही आमंत्रण आधीच द्यावे.