दान पारमिता आणि दात्याचे आरोग्य

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे, आणि या पारमितांत पहिले स्थान दानाला आहे. आमच्या वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर एकेक पारमिता समजावून सांगण्याचा प्रघात आहे. काही वर्षांपूर्वी दानावर बोलत असता आठवीतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचं जेवण दानाचं, वह्या दानाच्या, अंगातला स्वेटरही दानाचा. मग आम्ही कशाचं दान करायचं?"

मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत ज्याचे नाव सदैव 'लाभार्थी' या रकान्यात लिहिले जाते, त्याचा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला पुन्हा ग्रंथांकडे वळावे लागले.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने जर्जर झालेला तो भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारले असता त्याने दिलेले उत्तर हृदय पिळवटून टाकणारे आहे : मी इतर भिक्खूंच्या काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. ही कथा सेवेचा आदर्श म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या भिक्खूच्या उत्तराकडे आमचे लक्ष त्या मुलामुळे गेले. आजाराइतकेच 'मी कोणाच्या उपयोगाचा नाही' हे दुःखही त्याला जाळीत होते.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचे दान त्यात नोंदले आहे. तिने गोवर्धन येथील कारागीर श्रेणींकडे रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवली. या श्रेणींत तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी होती. मुद्दल अबाधित ठेवून त्याच्या व्याजातून विहारातील आजारी भिक्खूंना औषध मिळावे, अशी ही 'अक्षयनीवी' होती. दानाचा हेतू सर्व प्राणिमात्रांचे हित व सुख असा सांगितला आहे. या लेण्यांची सहल नेताना आम्ही हा लेख मुलांना आवर्जून समजावतो. कष्टकरी तेल्यांच्या हातून दूरच्या रोग्याला औषध पोहोचावे, ही व्यवस्था त्यांना आपल्या घरची वाटते.

आता आधुनिक संशोधनाकडे येऊ. अमेरिकेत स्टेफनी ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध दांपत्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतरांना मदत व आधार देणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. केवळ आधार मिळण्याने मात्र तसा लाभ दिसला नाही. यावर कोणी म्हणेल की, जो मुळात धडधाकट तोच मदत करणार! शंका रास्त आहे. संशोधकांनीही प्रारंभीची प्रकृती हिशेबात धरली होती. तथापि आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला, पश्चिम कॅनडातील दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांवरील प्रयोग. यदृच्छेने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने दोन महिने दर आठवड्याला प्राथमिक शाळेतील बालकांना साहाय्य केले. दुसऱ्याला थांबविण्यात आले. शेवटी पहिल्या गटात कोलेस्टेरॉल आणि रक्तातील दाह दर्शविणारा इंटरल्युकिन-६ हा घटक कमी आढळला. ज्यांच्या मनात परदुःखाची जाण अधिक वाढली, त्यांना लाभही अधिक झाला.

येथे मन आले, आणि धम्माचा गाभाही तोच आहे. देण्यापूर्वी, देताना आणि दिल्यानंतर चित्त प्रसन्न असावे, अशी दात्याची लक्षणे पाली सुत्तात सांगितली आहेत. २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की, इतरांसाठी म्हणून स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. स्वतःच्या लाभासाठी ती करणारे मात्र काहीच न करणाऱ्यांच्याच पंक्तीत राहिले. रक्तदाब उतरावा म्हणून दान करू पाहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि सावित्रीमाई? १८९७ च्या प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. दानाने आयुष्य वाढते एवढेच आम्ही मुलांना शिकवले, तर माईंच्या चरित्रापुढे आमची मान खाली जाईल. म्हणून आरोग्याचा लाभ आम्ही शेवटी सांगतो, आणि तोही हळू आवाजात.

त्या मुलाला मात्र आम्ही व्याख्यान दिले नाही. आजारी मुलांच्या खोलीत गरम पाणी पोहोचविणे आणि पाचवीच्या दोघांना वाचन शिकविणे, ही कामे त्याच्याकडे सोपविली. पुढे प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान मूल, अशी रीतच पडली. प्रकृतीची मोजमापे आम्ही घेतली नाहीत, त्यामुळे दावा करीत नाही. रविवारी पालक भेटून गेले की सायंकाळी पोटदुखीची तक्रार घेऊन येणारी रांग आखूड झाली, इतके मात्र आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मदतीवर ही संस्था उभी आहे. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी एक विनंती करावीशी वाटते. वह्या वाटताना मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. त्याऐवजी एक दिवस मुक्कामाला यावे आणि मुलांना आपले आदरातिथ्य करू द्यावे. त्यांनी वाढलेली भाकरी खावी, त्यांनी आणलेले पाणी घ्यावे. पालकांनी खाऊ आणला, तर तो आपल्या मुलाच्या हातूनच खोलीत वाटावा.

यंदा जून महिन्यात पाचवीत नव्याने आलेला एक मुलगा मध्यरात्री रडू लागला. आम्ही कंदील घेऊन पोहोचलो, तोवर नववीतला एक जण त्याच्या अंथरुणाशी जाऊन बसला होता. आम्ही दारातूनच परतलो.