कीटकनाशकाच्या डब्यावरील इंग्रजी शब्द

कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) व त्याच्या आसपासच्या गावी हळद, सोयाबीन, कापूस या पिकांवर कीटकनाशके फवारली जातात. या द्रव्यास शेतकरी ‘औषध’ म्हणतात. पिकास ते औषध असले, तरी माणसास व जनावरास ते विषच होय. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. सबब डब्यावरील पुढील इंग्रजी शब्दांचे अर्थ प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग व वरच्या भागात इशारा असतो. ही चिन्हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिली आहेत.

१. पॉयझन : अर्थ, विष. तांबडा रंग व कवटीचे चित्र असल्यास ते अत्यंत जहाल समजावे. पिवळा रंग असल्यास जहाल समजावे.

२. डेंजर : अर्थ, धोका. रंग निळा. विषारीपणा मध्यम.

३. कॉशन : अर्थ, सावधगिरी. रंग हिरवा. विषारीपणा कमी; परंतु हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

बियाण्याच्या पिशवीवरील निळी खूणचिठ्ठी मात्र ‘सर्टिफाइड’, म्हणजे प्रमाणित बियाणे, दर्शविते. एकाच रंगाचे हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

४. एक्सपायरी डेट : मुदत संपण्याची तारीख. ती उलटलेला माल घेऊ नये.

५. डोस : वापरावयाचे प्रमाण. ते अंदाजाने वाढवू नये.

६. वेटिंग पीरियड : शेवटची फवारणी व काढणी यांमध्ये जाऊ द्यावयाचे दिवस.

७. अँटिडोट : विषावरील उतारा. तो डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. विषबाधा झाल्यास रोग्यास त्वरित दवाखान्यात न्यावे व डब्यावरील माहितीपत्रक डॉक्टरांना दाखवावे. कोणते विष आहे हे कळल्यास उपचारास विलंब होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिले तीन शब्द इंग्रजी अक्षरांत व त्यांच्या रंगांसह चावडीच्या फळ्यावर मोठे रेखाटावेत. ज्यांस वाचता येत नाही, त्यांना निदान रंगांची ओळख करून द्यावी. डबा बहुधा मालक विकत घेतो. पंप मात्र मजुराच्या पाठीवर असतो. म्हणून हा पाठ मजुरास प्रथम द्यावा.